खापराखालचे बाप

संशोधन संस्थेच्या तळघरात उतरायला अठरा पायऱ्या होत्या, आणि मामांचा उजवा गुडघा अकराव्या पायरीला कुरकुरायचा. तिथे ते कठड्याला धरून थांबत, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसत आणि मग उरलेल्या सात पायऱ्या एकेक करून उतरत. खाली काचेच्या बेचाळीस टाक्या, तीन रांगांत. प्रत्येक टाकीत एक नर, दोन माद्या आणि फुटक्या कुंडीचं एक पालथं खापर. हवेच्या पंपाची घरघर सतत चालू. सकाळी साडेसातला मामा दिवे लावत, स्टूल ओढत आणि एक नंबरच्या टाकीतलं खापर उचलून उलटं करत.

मासा बोटाएवढा, चिखलाच्या रंगाचा, डोकं अंगाच्या मानाने मोठं. बाजारात त्याला कोणी फुकट नेलं नसतं. नदीत तो दगडांच्या कपारीत राही. इथे कपारीच्या जागी खापर. मोसमात मादी खापराखाली शिरते, उलटी होऊन आतल्या छताला दीड-दोनशे अंडी चिकटवते आणि निघून जाते. पुढचे दोन आठवडे नर तिथून हलत नाही. पर हलवून हलवून तो अंड्यांवर ताजं पाणी ढकलत राहतो, जवळ येईल त्याला ढुशी देतो, स्वतः जेमतेम खातो. पिल्लं बाहेर पडतात तेव्हा बापाचं पोट पाठीला लागलेलं असतं.

फाटकावरच्या वॉचमनला हे सगळं फार गमतीचं वाटे. आई पळून जाते आणि बाप बाळंतपण काढतो, हे कसलं उलटं राज्य, असं तो वर्षातून दोनदा तरी विचारी. मामा त्याला संस्थेच्या आधीच्या प्रमुखांचं, मोठ्या सरांचं, उत्तर देत: जागा ज्याची, राखण त्याची. नर आधीपासून कपार अडवून बसलेला असतो. मादी अंडी त्याच्या घरात टाकते आणि पुढच्या अंड्यांसाठी अंगात ताकद यावी म्हणून खायला निघून जाते. बाप राखतो, कारण अंडी त्याच्या दारात पडलेली असतात, आणि राखता राखता दुसरी मादी आली तर तिचीही तिथेच मावतात. उलट ज्याच्याकडे आधीच अंडी आहेत असा बाप बघूनच पुष्कळ माद्या येतात. ज्याची चार पोरं नीट आहेत त्याच्या पदरात पाचवं घालायला हरकत नाही, असा विचार. लाखो वर्षं हे असं जमत गेलं आणि बापाला बसायची सवय लागली. वॉचमनला हे पटे, पण मामांना त्याने दिलेलं नाव काही बदललं नाही. तो त्यांना सुईणबाई म्हणे. बाकी सगळी संस्था त्यांना मामा म्हणे; कोणाचे मामा, हे कोणी विचारलं नव्हतं.

खापर उलटं केलं की मामांच्या कामाला सुरुवात होई. चांगलं अंडं मधाच्या रंगाचं असतं. मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्यावर दुसऱ्या दिवशी कापसासारखी बुरशी धरते आणि ती शेजारच्या अंड्यांवर पसरते. मामांकडे रबरी फुगा लावलेली काचेची एक बारीक नळी होती. फुगा दाबायचा, नळीचं तोंड पांढऱ्या अंड्याला टेकवायचं, फुगा सोडायचा. एक अंडं आत. मग पुढचं. हे होईपर्यंत नर टाकीच्या कोपऱ्यात गरगर फिरत राही. खापर परत ठेवलं की धावत येऊन जागा घेई आणि पुन्हा वारा घालू लागे.

हल्ली एका टाकीला वीस मिनिटं लागत, आणि ऐन मोसमात तीस-तीस टाक्यांत अंडी. सुरुवातीच्या वर्षांत मामा दहा वाजता हात पुसून चहाला वर येत. नंतर कधीतरी त्याचे बारा झाले, मग दोन. गेली पाच-सहा वर्षं नळी खाली ठेवेपर्यंत संध्याकाळचे पाच वाजत. डोळ्यांतून पाणी येई, मान आखडे, उजव्या हाताचा अंगठा घरी गेल्यावरही आपोआप दाबल्यासारखा हले. वय झालं, असं मामा म्हणत. नोंदवहीतल्या शेवटच्या रकान्यात या सगळ्याला एकच शब्द होता: साफसफाई.

निवृत्तीला पाच आठवडे उरले होते. निवृत्तीच्या आठवड्यातच, बुधवारी, तळघरातले मासे आणि त्यांची पिल्लं मिळून तीन हजार मासे नदीत सोडायचं ठरलं होतं. नदीच्या वरच्या अंगाला बंधाऱ्याचं काम चाललं तेव्हा इतका गाळ आला होता, की नदीतल्या कपारी बुजल्या आणि हा मासा तिथून नाहीसा झाला. आता तळ पुन्हा स्वच्छ झाला होता. पहिली बादली मामांनी ओतायची, असं संस्थेच्या प्रमुख मॅडमनी सांगितलं होतं. वॉचमनच्या कानावर ते पडलंच. म्हणाला, "सुईणबाई, सगळ्या पोरांना एकदम सासरी धाडताय म्हणे. आंदण काय देणार?"

मामा एकोणतिसाव्या वर्षी या कामाला लागले. त्याआधी बाटल्या धुण्याच्या कारखान्यात होते. मुलाखत मोठ्या सरांनी घेतली. त्यांनी काचेचं एक भांडं काठोकाठ भरून दिलं आणि तळघरातून वर आणायला सांगितलं. मामांनी आणलं, पायऱ्या कोरड्या राहिल्या. सर म्हणाले, उद्यापासून या. शिक्षण किती, हे त्यांनी महिन्याने विचारलं.

पहिल्याच मोसमात चौदा नंबरच्या टाकीतल्या नराने अंडी खाल्ली. मादीने थोडीच घातली होती, साठेक. संध्याकाळी मामांनी मोजून वहीत लिहिली आणि सकाळी बघतात तर खापर धुतल्यासारखं साफ, आणि नराचं पोट तट्ट. मामांना वाटलं, नवीन माणूस, आपलंच काही चुकलं असणार. त्यांनी सरांना सांगितलं. सरांनी मान वर न करता, "खाल्ली असतील," एवढंच म्हटलं. त्यांना त्यात नवल नव्हतं. थोड्या अंड्यांसाठी दोन आठवडे उपाशी बसण्यापेक्षा ती पोटात घालून जागा मोकळी करायची आणि मोठा घोस घालणाऱ्या मादीची वाट बघायची, हे या बापांचं जुनं गणित. कधी सगळी खातात, कधी त्यातली काही. पण सरांनी हे तेव्हा बोलून दाखवलं नाही, आणि मामांना एवढंच दिसलं की एका बापाने पोरं खाल्ली.

त्यांनी वहीत खरं ते लिहिलं: टाकी १४, अंडी खाल्ली. मग त्या नराला हातजाळ्यात धरून बादलीत घातलं आणि इमारतीमागच्या सिमेंटच्या टाकीत नेऊन सोडलं. तिथे जास्तीच्या माद्या आणि नको असलेले मासे टाकायची पद्धत होती. राखीव मासे होते त्यातून एक नवा नर आणून चौदा नंबरमध्ये ठेवला. आठवड्याने लिहिलं: टाकी १४, अंडी १८०, नर राखतो आहे. दोन्ही नोंदी खऱ्या होत्या. वहीत टाकीला नंबर होता, माशाला नव्हता.

पुढे ते अंगवळणी पडलं. ज्याने खाल्ली त्याची उचलबांगडी. सरांना पिल्लांचा आकडा भरपूर लागायचा आणि तो भरत होता. कोणी काही विचारलं नाही. दर वर्षी तळघरातल्या पिल्लांतूनच पुढच्या वर्षीचे नर-माद्या निवडले जात. हळूहळू अंडी खाणारे कमी होत गेले. शेवटच्या काही वर्षांत तर नर घेऊन मागच्या टाकीकडे जायचं कारणच पडेना. मामांना त्याचं बरं वाटे. खानदानाला वळण लागलं, असं ते एकदा बायकोला म्हणाले होते.

बायको घरी कपडे उसवून बेताचे करून द्यायची, पँटी आखूड, ब्लाउज सैल. दोन खोल्यांच्या घरात मशीन खिडकीशी होतं. सुई दातात धरून ती म्हणाली होती, "माशांना वळण लावलंत. पोरगी कितवीत आहे ते मात्र दर मोसमात मला विचारायचात." मुलीच्या परीक्षा आणि माशांची अंडी एकाच वेळेला येत, त्याला मामांचा इलाज नव्हता. मुलगी आता दुसऱ्या शहरात, स्वतःच्या संसारात होती आणि रविवारी फोन करी. आईशी अर्धा तास, मग "बाबांना दे" म्हणून दोन मिनिटं.

मोठे सर वारले त्याला सहा वर्षं झाली. त्यांच्या जागी आलेल्या मॅडम त्याआधी तीन वर्षं त्यांच्या हाताखाली होत्या. पन्नाशीच्या आतबाहेर, बोलायला सरळ, चालताना सँडलचा आवाज न करणाऱ्या. मोठ्या सरांनी कपाटात टाकून ठेवलेल्या सगळ्या नोंदवह्या त्यांनी पहिल्या पानापासून वाचून काढल्या होत्या. एका सोमवारी त्यांनी मामांना वर बोलावलं. निरोप समारंभात मामांविषयी बोलायचं होतं, त्याआधी त्यांना काही दाखवायचं होतं.

त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर एक आलेख लावलेला होता. डावीकडे उंच सुरू होऊन उजवीकडे जमिनीला टेकलेली एक रेघ. मॅडमनी पेन्सिलीने दाखवलं. पहिल्या वर्षी बेचाळीसपैकी सोळा बापांनी अंडी खाल्ली. दहाव्या वर्षी नऊ. विसाव्या वर्षी पाच. गेली तीन वर्षं एक, शून्य, शून्य. हे जगात कोणाकडे नाही, त्या म्हणाल्या, आणि हे मामांच्या अक्षरात आहे. नदीतला बाप उपाशी असतो म्हणून खातो. इथे त्याला रोज समोर खाणं मिळतं. भूक गेली, तशी तीस पिढ्यांत ती खोडही गेली. अंधाऱ्या गुहेत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माशांचे डोळे जातात, तसंच. त्यांचा यावरचा लेख दोन वर्षांपूर्वी छापून आला होता. हे मासे नदीत जास्त चांगले बाप ठरतील, एकही अंडं वाया घालवणार नाहीत, या मुद्द्यावर त्यांना सोडायची परवानगी मिळाली होती.

मामा रेघेकडे बघत राहिले. मग विचारलं, "म्हणजे हे आपोआप झालं?"

"आपोआप," मॅडम म्हणाल्या.

खाली जाताना मामा अकराव्या पायरीवर थांबले आणि नेहमीपेक्षा बराच वेळ थांबले. रेघ त्यांनी ओळखली होती. प्रत्येक वर्षी जितक्या बादल्या मागे नेल्या, तेवढीच ती उंच होती.

पण त्यांच्या मनात दुसरंच काहीतरी टोचत होतं. ते काय, हे नऊ नंबरच्या टाकीपाशी नळी हातात घेतल्यावर कळलं. खापरावर चार अंडी पांढरी होती. पहिल्या वर्षी ही नळीच नव्हती. ती त्यांनी सातव्या की आठव्या वर्षी स्वतः बनवली होती. त्याआधी पांढरी अंडी कोण काढत होतं?

कोणी नाही. ती नसायचीच. बाप ती खाऊन टाकायचे.

मामांनी नळी खाली ठेवली आणि नऊ नंबरचं खापर तसंच परत ठेवलं. दुसऱ्या दिवशी चाराची अकरा पांढरी झाली होती. तिसऱ्या दिवशी निम्म्या घोसावर कापूस चढला. नर जागेवर होता, पर हलवत होता, कापसाला वारा घालत होता. एकदा तो पांढऱ्या अंड्यांपाशी तोंड नेऊन थबकला, आणि पुन्हा मागे येऊन वारा घालू लागला. जो कोवळी अंडी खातो तोच सडकीही खातो, तोंड एकच. मामांनी एकतीस वर्षं ते तोंड असलेल्या बापांना निवडून निवडून बाहेर काढलं होतं आणि त्यांच्या वाटचं काम हळूहळू स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. वय झालं होतं ते खरं, पण पाच वाजत होते ते वयामुळे नव्हेत.

नदीत नळी घेऊन कोण बसणार होतं?

चार दिवस मामांनी संस्थेत कोणाला काही सांगितलं नाही. कामात खंड पाडला नाही. नऊ नंबर सोडून बाकीच्या सगळ्या टाक्या रोज साफ केल्या. घरी जेवताना बायकोने दोनदा विचारलं, तेव्हा सांगितलं. ती निवृत्तीच्या दिवशी घालायच्या पँटीला पट्टी मारत होती. तिला आलेख कळला नाही, पण बादलीची गोष्ट ताबडतोब कळली.

"बाई काय म्हणतील?" तिने विचारलं.

मामा म्हणाले, लेख खोटा पडेल. परवानगी जाईल. समारंभाचं काय व्हायचं ते होईल. न सांगितलं तर मासे सुटतील, पहिल्या वर्षी सगळं ठीक वाटेल, दोन-तीन वर्षांत संपतील, आणि लोक म्हणतील नदीच वाईट. कोणाला कळणार नाही. तोवर आपण घरी.

"तुम्ही घरी बसून काय करणार आहात? हेच डोक्यात घेऊन बसाल." तिने धागा दाताने तोडला. "माझ्या दोन खोल्यांत एवढे मासे मावायचे नाहीत. सांगून टाका."

शुक्रवारी सकाळी मामांनी मॅडमना तळघरात बोलावलं. आजवर त्यांनी कधी बोलावलं नव्हतं, म्हणून त्या लगेच आल्या. मामांनी नऊ नंबरचं खापर उलटं करून समोर धरलं. आता त्यावर अंडी दिसतच नव्हती, नुसता पांढरा लोकरीचा गोळा. मॅडमनी विचारलं, हे कशाने झालं. मामा म्हणाले, मी चार दिवस हात लावला नाही त्याने. मग त्यांनी नळी दाखवली, ती कशी चालवतात ते दहा नंबरच्या खापरावर करून दाखवलं, आणि शेवटी बादलीचं सांगितलं. अडखळत नाही, पण डोळे टाकीवरून न हलवता.

मॅडम पालथ्या बादलीवर बसल्या.

"किती नर?"

"जिथे जिथे 'खाल्ली' लिहिलंय तिथे तिथे. एकही सोडला नाही."

"तुम्ही हे कोणालाच सांगितलं नाहीत?"

"कोणी विचारलं नाही."

"नऊ वर्षं मी तुमच्याबरोबर चहा पिते, मामा."

मॅडमनी हळू आवाजात आणखी दोन-चार वाक्यं ऐकवली. आरडाओरडा केला असता तर सोपं गेलं असतं. सोळा पानांचा लेख, दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवून मिळवलेली परवानगी, आणि मुळात निष्कर्ष काय, तर मासे बदलले कारण एका माणसाला त्यांची वागणूक आवडली नाही. मामा म्हणाले, खापर माझ्या डोक्यावर फोडा, मी तसं लिहून देतो. मॅडम उठल्या. "फोडून काय होणार आहे? सगळं नीट लिहावं लागणार आहे. ते जास्त कटकटीचं असतं," असं म्हणून त्या वर निघून गेल्या.

मामांनी दहा नंबर पूर्ण केला, मग अकरा, मग बारा. हाताला सवय होती म्हणून हात चालला.

तासाभराने मॅडम परत आल्या, या वेळी पायांत रबरी बूट होते. त्यांनी विचारलं, ते बाहेर काढलेले नर, ते गेले कुठे? मेले?

मामा म्हणाले, काही मेले असतील. मागच्या टाकीत आहेत. त्यांची पोरं असतील, नातवंडं असतील. दर वर्षी जास्तीच्या माद्याही तिथेच जातात.

"त्यांची देखभाल कोण करतं?"

"कोणी नाही."

सिमेंटची टाकी इमारतीमागे, मोडक्या खुर्च्यांच्या ढिगापलीकडे होती. बारा फूट लांब, कमरेएवढी खोल, कडेला शेवाळ, वर झाडाची पानं पडून कुजलेली. पाणी चहासारखं. कधीकाळी कोणीतरी फुटक्या कुंड्या तिच्यात टाकून दिल्या होत्या. वॉचमन डब्यातली उरलेली पोळी कधीमधी कुस्करून टाकी, एवढाच काय तो पाहुणचार. मामा गुडघा सांभाळत कठड्यावर बसले, बाही दंडापर्यंत सारली आणि हात आत घातला. पहिल्या तीन खापरांखाली काही नव्हतं. चौथं उचलू लागले तेव्हा बोटाला कोणीतरी कडकडून ढुशी दिली आणि परत येऊन आणखी एक दिली. तळघरातल्या माशांनी मामांना असा मार कधी दिला नव्हता. ते कोपऱ्यात जाऊन उभे राहत.

खापर पाण्याबाहेर न काढता मामांनी ते तिरकं केलं. मॅडम वाकल्या. अंडी शंभराच्या आसपास होती, सगळी मधाच्या रंगाची. मध्ये मध्ये मोकळ्या जागा होत्या, जणू कोणी नळीने टिपून घेतली असावीत. पांढरं एकही नव्हतं. बाप काळपट, रोडका, एका परावर जुनी चीर. तो खापर आणि मामांची बोटं यांच्यामध्ये येऊन उभा राहिला.

दुपारपर्यंत त्यांनी एकोणीस खापरं बघितली. सात ठिकाणी अंडी होती. पांढरी अशी एकूण तीन सापडली, तीही एकाच खापरावर, आणि मॅडम बघत असतानाच बापाने त्यातलं एक तोंडात घेतलं. त्यांनी ओल्या हातांनी खिशातून वही काढली आणि वेळ लिहिली.

बुधवारचं माशांचं नदीत जाणं रद्द झालं. मॅडमनी कचेरीला पत्र लिहिलं आणि लेख छापणाऱ्यांना दुसरं, मोठं. दोन्ही पत्रं त्यांनी मामांना वाचून दाखवली. मामांवर ठपका ठेवणारं वाक्य कुठे येतं याची ते वाट बघत होते. ते आलं नाही. 'टाकी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याने अंडी खाणारे नर दर वेळी वेगळे काढले, ही गोष्ट आम्ही कधी विचारली नाही,' असं होतं. 'आम्ही' या शब्दावर त्यांचा आवाज किंचित कोरडा झाला होता.

नवीन प्रयोग सोमवारी सुरू झाला. तळघरातल्या वीस टाक्यांत तळघरातले बाप, वीस टाक्यांत मागच्या टाकीतले बाप. या वेळी प्रत्येक माशाच्या पराला खूण होती. चाळीसही टाक्यांना कोणी हात लावायचा नाही. मामांनी तर नाहीच नाही. मागच्या टाकीतल्यांचं जमलं तर पुढच्या वर्षी नदीत तेच जातील.

त्यामुळे नोकरीचे शेवटचे दिवस मामांनी हात मांडीवर ठेवून काढले. एकतीस वर्षांत त्यांना इतका थकवा आला नव्हता. तळघरातल्या बापांच्या टाक्यांत रोज नवीन अंडी पांढरी पडत आणि बाप त्यांच्यावर जीव तोडून वारा घालत. मामा स्टुलावर बसून बघत, दर दोन तासांनी आकडा लिहीत. दोनदा त्यांचा हात नळीकडे गेला. दुसऱ्यांदा ती त्यांनी धुऊन, पुसून मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. मागच्या टाकीतून आणलेल्यांपैकी एका नराने पहिल्याच दिवशी सगळीच्या सगळी अंडी खाल्ली. मामांनी लिहिलं: टाकी ३१, अंडी खाल्ली. आणि नर तिथेच राहू दिला. त्याच्याकडे बघणं मात्र टाळलं.

समारंभ झाला. छोटासाच, वरच्या खोलीत. मॅडम मोजकं बोलल्या; आलेखाचा विषय काढला नाही, हातांचा काढला. बायको पुढच्या रांगेत बसली होती, तिने पँटीची पट्टी नीट बसली आहे का तेवढं बघितलं. संस्थेने भिंतीवरचं घड्याळ दिलं. वॉचमनने फाटकापाशी हात हातात घेतला आणि विचारलं, "सुईणबाई, मागच्या टाकीतली ती गुंड पोरंच शेवटी कामाला आली म्हणे?" मामा म्हणाले, अजून नाही, पुढच्या वर्षी बघू.

मॅडमनी त्यांना आणखी एक वर्ष येण्याविषयी विचारलं होतं. मामांनी नाही म्हटलं. गुडघा, डोळे, ही कारणं खरी होती आणि पुरेशी होती. पण वह्यांचं काम राहिलं होतं. वहीत 'अंडी खाल्ली' असं जिथे जिथे लिहिलं होतं, तिथे पुढे काय झालं ते लिहिणं भाग होतं, आणि दुसऱ्या कोणी ते लिहून चाललं नसतं. मॅडमनी मोजून ठेवलं होतं. अशा दोनशे एकोणीस नोंदी होत्या.

म्हणून पुढच्या सोमवारी मामा पुन्हा आले. या वेळी तळघरात उतरायचं नव्हतं. वरच्या खोलीत खिडकीपाशी टेबल मांडलेलं, त्यावर एकतीस वह्या, वर्षाच्या क्रमाने. मॅडमनी लाल पेन दिला. मामांनी चष्मा पुसला, पहिली वही उघडली आणि चौदा नंबरची टाकी शोधली. शाई फिकी झाली होती, अक्षर तरुण होतं. त्याच्यापुढे त्यांनी लिहिलं: नर बदलला. मग थोडं थांबून खाली लिहिलं: मी. आणि सही केली.

पुढची नोंद त्याच पानावर, चार ओळी सोडून होती.